अमेरिकन कॉलेज फुटबॉलमध्ये स्कॉलरशिप 85वरून 105 झाल्या, तरी खेळाडू आणि पालक नाराज का? आणि एवढा पैसा येऊनही विद्यापीठांचे क्रीडा विभाग तोट्यात कसे?

आधी एक दुरुस्ती करतो. स्कॉलरशिपची मर्यादा 85वरून 105वर गेलेली नाही, ती मर्यादा उठली. तिच्याऐवजी संघात एकूण पोरं किती ठेवायची यावर मर्यादा आली आणि तो आकडा 105 आहे. बातम्यांत दोन्ही गोष्टी एका वाक्यात येतात, म्हणून आणखी 20 मुलांची सोय झाली असं वाटतं. एसटीचा हिशोब लावून बघा. आतापर्यंत गाडीत 85 सीटं होती आणि उभ्याने हवे तेवढे लोक जायचे. आता म्हणतात, सीटं हवी तर 105 टाका, पण उभ्याने एकही माणूस न्यायचा नाही. गाडीत 130 जण असतील तर 25 जण स्टँडवरच राहिले.

हे उभ्याने जाणारे म्हणजे वॉक-ऑन. फी खिशातून किंवा कर्ज काढून भरायची आणि सराव मात्र स्कॉलरशिपवाल्यांइतकाच करायचा. मी ओमाहाला राहतो, म्हणजे नेब्रास्का राज्यात, आणि इथे हा विषय फार जिव्हाळ्याचा आहे. राज्यात एनएफएलचा, म्हणजे देशातल्या सर्वांत मोठ्या व्यावसायिक फुटबॉल लीगचा, एकही संघ नाही. जे काही आहे ते तासाभरावरच्या लिंकनमधलं विद्यापीठाचं मेमोरियल स्टेडियम. 1962 पासून तिथल्या घरच्या प्रत्येक सामन्याची तिकिटं संपलेली आहेत. सामन्याच्या दिवशी ते स्टेडियम म्हणजे राज्यातलं तिसरं मोठं शहर, असं इथे सगळेच म्हणतात आणि लोकसंख्या पाहिली तर ते खरंही आहे.

टॉम ऑस्बोर्न तिथे 1973 ते 1997 मुख्य कोच होते. योगायोग असा की स्कॉलरशिपवर कात्री चालली तीही याच काळात. त्याआधी देशपातळीवर काही मर्यादाच नव्हती. श्रीमंत विद्यापीठं ज्या पोराला मैदानात उतरवायचं नाही त्यालाही स्कॉलरशिप देऊन बसवून ठेवायची, का तर तो समोरच्या संघात जाऊ नये. 1973 ला पहिली मर्यादा आली, तीही 105चीच, पण स्कॉलरशिपची. 1978 ला ती 95 झाली आणि 1992 पासून टप्प्याटप्प्याने उतरवत 1994 ला 85वर आणली. ऑस्बोर्न यांनी हा खड्डा वॉक-ऑन पोरांनी भरला. मक्याच्या शेतातली, दोन-चारशे वस्तीच्या गावातली पोरं स्वतःच्या खर्चाने यायची, वर्ष-दोन वर्षं वजन उचलून अंग कमवायची आणि मग त्यातला एखादा पहिल्या संघात घुसायचा. 1994, 1995 आणि 1997 या तीन हंगामांची राष्ट्रीय विजेतेपदं त्यांनी घेतली, त्यात या पोरांचा वाटा मोठा होता.

वॉक-ऑन करतो काय? बहुतेक जण शनिवारच्या सामन्यात खेळतच नाहीत. त्यांचं काम सोमवार ते गुरुवार. पुढच्या प्रतिस्पर्ध्याची चाल एका मोठ्या कार्डावर काढलेली असते, कोच ते कार्ड डोक्यावर धरतो आणि या पोरांनी ती चाल जशीच्या तशी करून दाखवायची, म्हणजे आपल्या पहिल्या संघाचा बचाव तिच्याविरुद्ध घोटून निघेल. थोडक्यात, आठवडाभर दुसऱ्याची नक्कल करायची आणि आपल्याच संघातल्या सव्वाशे किलोच्या गड्यांकडून आपटून घ्यायचं. 2014 पर्यंत तर त्यांना स्कॉलरशिपवाल्यांसोबत फुकट जेवायलाही नियम आडवा यायचा. नियमांची तऱ्हा विचारू नका. एकेकाळी खेळाडूंना बेगल (मधे भोक असलेला गोल पाव) दिला तर चालायचा, पण त्याला क्रीम चीज लावलं की ते 'जेवण' धरलं जायचं आणि विद्यापीठ दोषी! कॉलेजच्या खेळांसाठी असल्या नियमांची जाडजूड पोथी सांभाळणारी संस्था म्हणजे एनसीएए.

यातूनच मोठी नावंही निघालीत. पुढे एनएफएलमध्ये गाजलेला जे. जे. वॉट विस्कॉन्सिनला वॉक-ऑन म्हणून गेला, मध्यंतरी पिझ्झा पोचवायचं काम करत होता. बेकर मेफील्ड आधी टेक्सस टेकला आणि मग ओक्लाहोमाला, दोन्हीकडे वॉक-ऑन. कॉलेजातल्या सर्वोत्तम खेळाडूला मिळणारी हाइझमन ट्रॉफी त्याने 2017 ला जिंकली आणि 2018 च्या एनएफएल ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ नवे खेळाडू निवडतात तेव्हा, पहिल्या क्रमांकाने गेला.

आता नियम बदलला कशाने ते. ग्रँट हाउस हा अ‍ॅरिझोना स्टेटचा पोहणारा. खेळाडूंच्या मोबदल्यावरच्या बंधनांविरुद्धचा, त्याच्या नावाने ओळखला जाणारा खटला फुटबॉलवाल्याने लावलेला नाही, ही गंमत लक्षात ठेवा. 6 जून 2025 ला कॅलिफोर्नियातल्या न्यायाधीश क्लॉडिया विल्कन यांनी त्यातली तडजोड मंजूर केली. 2016 पासूनच्या खेळाडूंना मागची भरपाई म्हणून सुमारे 280 कोटी डॉलर, दहा वर्षांत. आणि 1 जुलै 2025 पासून विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात, पहिल्या वर्षी एका विद्यापीठाने सगळ्या खेळाडूंना मिळून जास्तीत जास्त साधारण 2 कोटी 5 लाख डॉलर. स्कॉलरशिपची मर्यादा म्हणजे विद्यापीठांनी संगनमताने खेळाडूचा मोबदला दाबून ठेवणं, असा आरोप कोर्टात टिकायची भीती होती. संघात माणसं किती, ही मर्यादा त्या मानाने सुरक्षित. म्हणून दोन्ही बाजूंच्या वकिलांनी ती पुढे केली. ज्यांच्या जागा जाणार होत्या त्यांच्यातलं वाटाघाटीच्या टेबलावर फारसं कोणी नव्हतं.

विल्कनबाईंना हे एप्रिल 2025 मध्ये खटकलं. त्यांनी मंजुरी अडवून धरली आणि आहेत त्या मुलांचं आधी बघा म्हणून सांगितलं. पण तोवर विद्यापीठांनी मंजुरी येणारच असं धरून पोरांना कमी करायला सुरुवात केली होती. माझ्या ऑफिसमधल्या एकाचा पुतण्या दुसऱ्या राज्यातल्या एका मोठ्या विद्यापीठात वॉक-ऑन होता. त्याला कोचने वसंतातल्या सरावानंतर केबिनमध्ये बोलावून सांगितलं, 'तुझी काही चूक नाही, आकडा बसत नाही.' दोन वर्षांची फी बापाने भरलेली. शेवटी जून महिन्यात तोडगा निघाला तो असा की, ज्यांची जागा या नियमामुळे गेली ते त्यांची खेळण्याची वर्षं संपेपर्यंत 105च्या मोजणीत धरायचे नाहीत. मात्र विद्यापीठाने त्यांना परत घेतलंच पाहिजे असं कुठेही लिहिलेलं नाही. पुतण्याला परत बोलावणं आलं नाही, तो आता त्याच कॉलेजात नुसता शिकतोय.

बरं, मग उरलेल्या 105 जणांना तरी पूर्ण स्कॉलरशिप मिळते का? इथे खरी मेख आहे. पूर्वी फुटबॉलचा हिशोब डोक्यागणिक होता. एका पोराला एक डॉलर दिला तरी 85 पैकी एक जागा वापरली गेली, त्यामुळे द्यायची तर पूर्णच द्यायची. बेसबॉलमध्ये उलट, 11.7 स्कॉलरशिप पंचवीस-तीस जणांत वाटून टाकायच्या, कोणाला पाव, कोणाला अर्धी. आता सगळेच खेळ वाटून देण्याच्या हिशोबात आले. म्हणजे फुटबॉललाही अर्धी स्कॉलरशिप देता येते. त्यात वाढीव स्कॉलरशिपचे 25 लाख डॉलरपर्यंतचे पैसे त्या 2 कोटी 5 लाखांच्या मर्यादेतच मोजले जातात. कोचच्या जागी बसून विचार करा. 97व्या क्रमांकाच्या पोराची फी भरायची, की तेच पैसे स्टार क्वार्टरबॅकला, म्हणजे चेंडू फेकून आक्रमण चालवणाऱ्याला द्यायचे? उत्तर सांगायला नको.

आता तोट्याचं. हे क्रीडा विभाग म्हणजे कंपन्या नाहीत. भागधारक नाहीत, नफा वाटायचा नाही, त्यामुळे आलेला पैसा शिल्लक टाकून कोणालाच शाबासकी मिळत नाही. शाबासकी मिळते ती जिंकल्यावर. म्हणून जितका येतो तितका जातो, आणि एखाद्या वर्षी कमी आला तर खड्डा पडतो. ओहायो स्टेटचं 2023-24 बघा. उत्पन्न साधारण 25 कोटी 50 लाख डॉलर, खर्च 29 कोटी 20 लाखांच्या वर, तूट 3 कोटी 77 लाख. देशातल्या सर्वांत श्रीमंत विभागांपैकी एक, लाखाच्या वर माणूस बसणारं स्टेडियम. मोठं कारण काय, तर त्या हंगामात घरचे सामने आठऐवजी सहाच होते. दोन शनिवार गेले की एवढा फरक पडतो.

खर्च कुठे होतो म्हणाल तर कोच. टेक्सस ए अँड एम विद्यापीठाने नोव्हेंबर 2023 मध्ये जिंबो फिशर यांना काढलं आणि करार मोडल्याबद्दल त्यांना 7.5 कोटी डॉलरहून जास्त द्यायचं कबूल केलं. काम न करण्याचे! खेळाडूंवर इतकी वर्षं मर्यादा होत्या, मग कोचच्या पगारावर का नाही? प्रयत्न झाला होता. नव्वदच्या दशकात काही कनिष्ठ कोचचा वार्षिक पगार 16,000 डॉलरवर बांधला, ते कोर्टात गेले, 1998 मध्ये जिंकले आणि एनसीएएला 5 कोटी डॉलरहून जास्त मोजावे लागले. तेव्हापासून त्या वाटेला कोणी जात नाही.

स्कॉलरशिपचा खर्चही जरा डोळे उघडे ठेवून वाचायचा असतो. क्रीडा विभाग ती रक्कम विद्यापीठालाच भरतो, आणि बरेचदा परराज्यातल्या विद्यार्थ्याच्या चढ्या दराने. विभागाच्या वहीत खर्च, विद्यापीठाच्या वहीत जमा. पाचशे मुलांच्या लेक्चर हॉलमध्ये आणखी वीस पोरं बसली तर प्राध्यापकाचा पगार वाढत नाही. म्हणून 'स्कॉलरशिपने आमचं कंबरडं मोडलं' असं कोणी म्हणालं की मी मनातल्या मनात तो आकडा बराच खाली आणतो.

छोट्या विद्यापीठांची गोष्ट मात्र निराळी. तिथे फुटबॉल विद्यार्थ्यांच्या फीवर चालतो, सामना कधी न पाहणाऱ्यांच्याही. वरकमाई म्हणून मोठ्यांच्या मैदानावर जाऊन मार खायचा आणि चेक घेऊन परतायचं. 2007 मध्ये अ‍ॅपलाशियन स्टेटला मिशिगनने 4 लाख डॉलर देऊन बोलावलं होतं. एका बाजूला 85 स्कॉलरशिपचा संघ, दुसऱ्या बाजूला 63 चा. पाहुण्यांनी 34-32 ने सामना जिंकला आणि चेकही नेला. असं रोज होत नाही म्हणून तर अजून लोक सांगतात.

आता 2 कोटींचा नवा खर्च आला. भरपाईत ज्या सूत्राने वाटप ठरलं त्याच धर्तीवर बहुतेक मोठी विद्यापीठं साधारण तीन चतुर्थांश पैसा फुटबॉलला देतात, मग पुरुषांचं बास्केटबॉल, आणि उरलं तर बाकीचे. वाटपात बायकांवर अन्याय झाला म्हणून भरपाईविरुद्ध अपीलही झालं. इथे नेब्रास्कात 30 ऑगस्ट 2023 ला त्याच फुटबॉलच्या स्टेडियममध्ये मुलींच्या व्हॉलीबॉलला 92,003 माणूस आला होता, मी टीव्हीवर बघत होतो आणि विश्वास बसत नव्हता. तरी देशभर व्हॉलीबॉलच्या वाट्याला येतो तो चुराच. कॅलिफोर्नियातल्या कॅल पॉली विद्यापीठाने तर मार्च 2025 मध्ये पोहण्याचा संघच बंद केला. ज्या खेळातल्या खेळाडूच्या नावाने खटला, त्याच खेळावर कुऱ्हाड.

आणि आपल्याकडच्या पालकांचा संबंध इथेच येतो. पुण्या-मुंबईची मुलं इकडे येतात ती फुटबॉलला नाही, टेनिस आणि पोहण्याला. त्यांच्यासाठी नवा नियम दुधारी आहे. पुरुषांच्या टेनिसला पूर्वी 4.5 स्कॉलरशिप होत्या, आता संघात जास्तीत जास्त 10 जण आणि दहाही जणांना पूर्ण स्कॉलरशिप द्यायची मुभा. मुभा, सक्ती नव्हे. पोहण्याचा संघ 30 चा, पूर्वी मुलांना 9.9 स्कॉलरशिप होत्या. कोचशी ईमेल चालू असतील तर 'स्कॉलरशिप आहे का' एवढंच विचारून थांबू नका. तुमचं विद्यापीठ या तडजोडीत सामील आहे का, संघात यंदा किती जागा, त्यातल्या किती जणांना पैसे आणि किती टक्के, आणि तो आकडा वर्षावर्षाला बदलू शकतो का, हे लेखी घ्या. विद्यापीठाकडून थेट मिळणाऱ्या पैशावर तूर्त भिस्त ठेवू नका, एफ-1 व्हिसावर कमाईचे नियम कडक आहेत. आणि हार्वर्ड, प्रिन्स्टनसारख्या आयव्ही लीगच्या विद्यापीठांकडून खेळाची स्कॉलरशिप मागूच नका. ती तिथे पूर्वीही नव्हती, आणि या तडजोडीतून ते बाहेरच राहिलेत. तिथे मिळते ती घरच्या उत्पन्नावरची मदत, तिचा फॉर्म वेगळा भरावा लागतो.