अघोरी नव्हे, गुह्य

ठाण्याच्या नौपाड्यातली काही तरुण मंडळी एका मित्राकडे जमून 'अफ्रोडाइट्स चाइल्ड' या ग्रीक बँडची '६६६' ही जोडरेकॉर्ड ऐकणार आहेत. निमंत्रणाच्या मसुद्यात 'अघोरी संगीत' असं लिहिलंय. 'ऑकल्ट'ला, म्हणजे गुप्त विद्यांशी नातं सांगणाऱ्या गोष्टींना, हा शब्द चालेल का, असं त्यांनी विचारलंय.

अजिबात नाही. अघोर म्हणजे जे घोर नाही ते. शंकराच्या पाच मुखांपैकी एकाचं ते नाव. कौपिनेश्वराच्या शिवमंदिरात हात जोडायचे आणि बाहेर नाक्यावर उतारा दिसला की 'अघोरी प्रकार' म्हणायचं, हे मला दर वेळी खटकतं. अघोरपंथी साधूंवरून हा अर्थ रूढ झाला हे ठाऊक आहे. म्हणून तो इथे बसतो असं नाही.

'तांत्रिक' सुचवणारे विद्वानही भेटतात. तंत्र हे 'तन्'वरून आलं. मागावर ताणलेला ताणा. त्यात लपवलंय काय? या मंडळींनी एकदा माग बघून यावा.

'ऑकल्ट'च्या मुळाशी लॅटिनमधलं 'झाकणं' आहे. त्याच कुळातलं ग्रीक क्रियापद 'कालिप्टेइन', तेही झाकणंच. त्याला 'अपो' लागला की झाकण निघतं: अपोकालिप्सिस! १९७२ साली आलेली ही रेकॉर्ड बेतली आहे ती याच नावाच्या, बायबलमधल्या शेवटच्या पुस्तकावर. संगीत वँगेलिसचं, शब्द कोस्तास फेरिसचे. ६६६ ही तेराव्या अध्यायातली श्वापदाची संख्या. मराठी बायबलात या पुस्तकाचं नाव आहे 'प्रकटीकरण'. काय नेमका शब्द शोधलाय! म्हणजे तुम्ही जिला 'ऑकल्ट' म्हणताय, तिचा विषय झाकण उघडण्याचा आहे.

आणि याच कुळात व्युत्पत्तिकार आपली 'शाला' बसवतात. शाला म्हणजे मुळात छपराखालची, झाकलेली जागा. तिचीच शाळा झाली, टंकशालेची टाकसाळ झाली. पडसाळ म्हणजे प्रतिशाला, असं माझं ठाम मत आहे. तिथे 'पडणं' शोधणाऱ्यांशी माझं जमत नाही. चरईतल्या आमच्या जुन्या घराला पडसाळ होती. वर कौलं, पुढे नुसते खांब. सर आली की आजी वाळवणाच्या ताटांसकट आम्हा पोरांना तिच्याखाली ओढायची. ते छप्पर आणि हा ऑकल्ट एकाच धातूचे, हे कळलं त्या रात्री मला झोप लागली नव्हती.

तर शब्द: 'गुह्यविद्या'. 'गुह्' म्हणजे लपवणं. गुहा आणि गूढ त्यातूनच आले. 'गूढ' मी मुद्दाम टाळतो, बातम्यांनी त्याचा पार 'गूढ मृत्यू' करून टाकलाय. 'गुह्य' वाचून लोक हसतील म्हणणाऱ्यांनी गीतेच्या नवव्या अध्यायाचं नाव वाचावं: राजविद्याराजगुह्ययोग. निमंत्रण छापायला गेलं नसेल, तर 'अघोरी' आजच खोडा.