लेंडीतला तांदूळ, मेंदूतली गाठ : पट्टकृमींबद्दल तुमचे प्रश्न

जनावरांच्या जंतांवर लिहितो म्हटल्यावर पट्टकृमींवरचेच, म्हणजे फितीसारख्या चपट्या जंतांवरचेच, प्रश्न इतके आले की बाकीचे जंत पुढच्या खेपेला. काही प्रश्न सारखेच होते, ते एकत्र केलेत.

प्रश्न : करडांच्या लेंड्यांवर भाताच्या शितासारखे पांढरे तुकडे दिसतात, नीट बघितलं तर वळवळतात पण. घरातली लहान पोरं दिवसभर त्यांच्यातच असतात, त्यांना होईल का?

नाही होणार, घाबरू नका. शेळ्या-मेंढ्यांत असं दिसलं की तो बहुतेक वेळा मोनिएझिया नावाचा पट्टकृमी असतो आणि तो माणसाच्या वाटेला जात नाही. ती शितं म्हणजे कृमीचे सुटलेले तुकडे, प्रत्येकात अंडी भरलेली. ती अंडी जमिनीवर पडतात, गवताच्या मुळाशी राहणारे माइट म्हणजे डोळ्याला धड दिसणारही नाहीत असे बारीक जीव ती खातात, त्यांच्या पोटात अळी तयार व्हायला काही महिने जातात आणि मग चरताना तो माइट गवताबरोबर पोटात गेला की करडाला लागण. मधला माइट वगळून हे चक्र पुरं होतच नाही. तरी पोरांचे हात धुवाच, लेंडीत जंत सोडून इतर बरंच काही असतं.

करडं-कोकरं सहा महिन्यांच्या आतली असली तर हा जास्त दिसतो, मोठ्या जनावरांत हळूहळू कमी होतो. औषधाचं म्हणाल तर अल्बेंडाझोल, फेनबेंडाझोल किंवा प्राझिक्वांटेल, वजन करून, अंदाजाने नाही. आणि एक सांगतो कारण ही चूक रोज बघतो, आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन देऊन “जंताचं झालं” म्हणून लोक मोकळे होतात, गोल जंतांवर ते चालतं पण पट्टकृमीचं त्याने केसही वाकडं होत नाही. शेळी नुकतीच गाभण असेल तर अल्बेंडाझोल देण्याआधी डॉक्टरांना तसं सांगा, पहिल्या महिन्या-दीड महिन्यात ते टाळतात.

प्रश्न : आमच्या घरात कोणीच मांस खात नाही. तरी भावाला फिट आली, स्कॅनमध्ये मेंदूत जंताची गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले डुकरातला जंत. हे शक्य तरी आहे का?

शक्य आहे, आणि मला सगळ्यात जास्त वेळ ह्याच प्रश्नावर घालवायचाय, कारण सगळा गोंधळ इथेच होतो.

डॉक्टर म्हणाले तो डुकरातला जंत म्हणजे टीनिया सोलियम, ह्या कृमीची दोन रूपं असतात. एक लांबलचक पट्टीसारखा कृमी, दोन ते सात मीटरपर्यंत, तो फक्त माणसाच्या आतड्यात राहतो. हो, माणसाच्या, डुकराच्या नाही. दुसरं रूप म्हणजे पाण्याने भरलेली, वाटाण्याएवढी गाठ, आत एक पांढरा ठिपका, ही डुकराच्या मांसात असते. माणसाने गाठीसकट अर्धकच्चं मांस खाल्लं की आतड्यात कृमी वाढतो. त्या माणसाच्या शौचातून अंडी बाहेर पडतात, मोकळं फिरणारं डुक्कर ती खातं, त्याच्या मांसात गाठी होतात. असं ते फिरत राहतं.

आता तुमचा भाऊ. त्याने गाठ खाल्लेली नाही, अंडं खाल्लंय. ज्याच्या आतड्यात कृमी आहे अशा कुणाच्या तरी न धुतलेल्या हातातून, घाण मिसळलेल्या पाण्यातून, कच्च्या भाजीतून, अंडं डोळ्याला दिसत नाही त्यामुळे कुठून आलं ते शोधणंही अवघड. पोटात गेल्यावर अंडं फुटतं, अळी रक्तात शिरते आणि डुकराच्या मांसात जी गाठ व्हायची ती माणसाच्या स्नायूत, डोळ्यात नाहीतर मेंदूत होते. थोडक्यात अळीच्या हिशोबाने तुमचा भाऊ डुकराच्या जागी आला. ऐकायला वाईट वाटतं पण हे एकदा कळलं की मग मांस न खाणाऱ्याला कसं झालं हा प्रश्नच उरत नाही.

गाठ जिवंत असते तोपर्यंत शरीराच्या लक्षात न येता कित्येक वर्षं गप्प पडून राहते, मरायला लागली की भोवती सूज येते आणि फिट येते. म्हणून “गेल्या आठवड्यात काय खाल्लं होतं” ह्याला काही अर्थ नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्याप्रमाणे जिथे हा कृमी ठाण मांडून आहे तिथल्या मिरगीच्या साधारण ३० टक्के केसेसमागे हाच असतो. घरातल्या आणि घरात स्वयंपाक करणाऱ्या सगळ्यांच्या शौचाची तपासणी करून घ्या, अंडी पसरवणारा बऱ्याचदा अगदी जवळचा असतो आणि त्याला स्वतःला काहीच त्रास नसतो.

गाठीतूनच कृमी होतो हे सिद्ध कसं झालं ते पण अंगावर काटा आणणारंच आहे. १८५५ साली क्युखेनमाइस्टर नावाच्या जर्मन डॉक्टरने फाशीची शिक्षा झालेल्या कैद्याला न सांगता डुकरातल्या गाठी अन्नातून खाऊ घातल्या आणि फाशीनंतर आतडं उघडलं तर आत छोटे छोटे कृमी! आज असा प्रयोग केला तर डॉक्टरच जेलमध्ये जाईल.

प्रश्न : मग गाईच्या मांसातल्या कृमीचं पण असंच का?

अर्धंच. टीनिया सॅजिनाटा आतड्यात होतो, लांबीला तर सोलियमपेक्षा मोठा, पण त्याची अंडी माणसात गाठी करत नाहीत, मेंदूचा धोका नाही. त्याचे तुकडे स्वतःहून सरपटत बाहेर येतात, कपड्यात सापडतात आणि माणूस हादरून डॉक्टरकडे पळतो.

प्रश्न : मांस किती शिजवलं की सेफ? फ्रीजरमध्ये ठेवून चालतं का?

अख्ख्या तुकड्याच्या मधोमध ६३ अंश सेल्सिअस आणि मग तीन मिनिटं तसंच ठेवायचं, खिमा असेल तर ७१ अंश. थर्मामीटर नसेल तर आत गुलाबी राहता कामा नये एवढं बघा. उणे २० अंशाला काही दिवस गोठवलं तर गाठी मरतात, नुसत्या फ्रीजच्या थंडीने नाही. मीठ लावणं, धुरी देणं ह्यावर विसंबू नका.

प्रश्न : मेंढी कापली की खराब काळीज, फुप्फुस कुत्र्याला टाकतो. वाया कशाला घालवायचं?

हेच नका करू. प्लीज. आजच्या सगळ्या प्रश्नांत मी हात जोडून एकच गोष्ट मागणार असेन तर ही.

मेंढीचं असं काळीज उघडलेलं मी बऱ्याचदा बघितलंय. वरून पांढरट फुगवटा दिसतो, सुरी हलकी लावली तरी पाणी दाबाने उडतं, स्वच्छ, जवळजवळ पिण्याच्या पाण्यासारखं. आतून एक पांढरा पापुद्रा अलगद सुटून येतो, उकडलेल्या अंड्याच्या पांढऱ्यासारखा लिबलिबीत. तळाशी बारीक वाळू बसलेली असते. ती वाळू म्हणजे एकायनोकॉकस नावाच्या पट्टकृमीची पिल्लं, एकेका गाठीत हजारोंनी. कुत्र्याने ते काळीज खाल्लं की साधारण सहा-सात आठवड्यांत त्याच्या आतड्यात कृमी तयार, जेमतेम ३ ते ७ मिलिमीटरचे, कुत्रा मस्त धष्टपुष्ट, कुणाला शंकाही येत नाही. अंडी त्याच्या विष्ठेतून गवतावर, पाण्यात आणि अंगावरच्या केसांना. मेंढीने खाल्ली तर मेंढीला गाठ, कुत्र्याला कुरवाळून तोच हात तोंडात घातला तर तुम्हाला.

माणसात ही गाठ जास्त करून लिव्हरमध्ये, त्याखालोखाल फुप्फुसात होते, वर्षानुवर्षं हळूहळू वाढते, आत फुटली तर जिवावर बेतणारी अ‍ॅलर्जी येऊ शकते. मेंढीचं मांस खाऊन मात्र ती होत नाही, हेही बरेच जण उलटंच धरून बसतात.

म्हणून खराब अवयव खोल पुरा किंवा जाळा, नाहीतर चांगले उकळून टाका, आणि कुत्र्याला प्राझिक्वांटेल वर्षातून निदान चारदा, मेंढ्यांच्या कळपात राहणारा असेल तर दर सहा आठवड्यांनी. औषधानंतर दोन-तीन दिवस त्याला बांधून ठेवा आणि विष्ठा पुरून टाका, औषधाने कृमी मरतो, अंडी नाही. सॅनिटायझरनेही अंडी मरत नाहीत, साबण-पाण्याने चोळून हात धुतले की निघून तरी जातात. आइसलँडमध्ये एकोणिसाव्या शतकात हा आजार घरोघर होता, त्यांनी लोकांना समजावलं, कुत्र्यांना औषध आणि कापलेल्या मेंढ्यांचे अवयव कुत्र्यांपासून लांब एवढंच धरून ठेवलं आणि तो देशातून हद्दपार केला.

प्रश्न : डुकरं पाळतो. गाठी आहेत की नाही जिवंतपणी कळतं का?

जिभेच्या खाली बोट फिरवून बघतात, वाटाण्यासारखं हाताला लागलं तर आहेच, पण नाही लागलं म्हणजे नाहीच असं नव्हे, थोड्याच गाठी असतील तर सुटतात. टीसोल१८ नावाची लस आहे, तिच्या जोडीला ऑक्सफेंडाझोल देतात. ते दिल्यावर ठरलेले दिवस जाईपर्यंत डुक्कर कापायचं नाही, किती दिवस ते तुमच्या पशुवैद्यांना विचारा. मात्र डुकरं मोकळी सोडणार असाल आणि आसपास उघड्यावर शौच चालू असेल तर लसीचं काम दुप्पट अवघड होऊन बसतं.

प्रश्न : शौचातून फितीसारखे तुकडे पडतायत. मेडिकलमधून जंताची गोळी घेऊ का?

नको. एक तुकडा डबीत घाला आणि डॉक्टरकडे न्या, कुठला कृमी ते त्यावरून कळू शकतं. सोलियम असेल आणि मेंदूत किंवा डोळ्यात आधीच गाठी असतील, ज्या तुम्हाला माहीतही नाहीत, तर प्राझिक्वांटेल किंवा अल्बेंडाझोलने त्या एकदम मरायला लागतात आणि सूज येऊन फिट येऊ शकते, म्हणून डोकेदुखी-फिट कधी झाली होती का हे डॉक्टर आधी विचारतील, खरं खरं सांगा. तोवर संडासनंतर नखांसकट हात धुवा आणि घरच्यांचा स्वयंपाक दुसऱ्या कुणाला तरी करू द्या.

प्रश्न : दुधातून येतात का हे?

नाही. तरी दूध उकळूनच प्या, त्याची कारणं वेगळी आहेत.