पंप सुरू झाले की इको का घुमतो?

प्रश्न : भजन मंडळासाठी पीटी 2399 आयसीवर इको (आवाजाला प्रतिध्वनी देणारा डबा) बनवला. 9 व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर, ब्रिज (एसीचा डीसी करणारे चार डायोड) आणि 7809 (स्थिर 9 व्होल्ट देणारा रेग्युलेटर). त्यापुढे आयसीसाठी 5 व्होल्टचा 7805. संध्याकाळी मस्त चालते, पण रात्री शेतातले मोटारपंप सुरू झाले की ‘घूंऽऽ’ करते. कंडेन्सर 1000 चा 2200 मायक्रोफॅरॅड केला, तरी जात नाही. आयसी बदलू का? (चिमूर तालुका)

उत्तर : आयसीला हात लावू नका, भाऊ. आधी लाइन मोजा. 230 व्होल्ट असताना तुमच्या ट्रान्सफॉर्मरचे शिखर, म्हणजे एसी लहरीचं सर्वांत वरचं टोक, 12.7 व्होल्ट. ब्रिजमधले दोन डायोड 1.4 खातात, उरले 11.3. 7809 ला स्थिर 9 द्यायला आत सुमारे 11 लागतात. म्हणजे पूर्ण लाइनीतही तो काठावरच उभा. पंप लागून लाइन 180 वर आली की त्या 11.3 चे साडेआठ होतात. मग रेग्युलेटर हात टेकतो आणि ब्रिजची लहर (डीसीवर उरलेला चढउतार) थेट माइकच्या ऑपॅम्पमध्ये, म्हणजे आवाज वाढवणाऱ्या भागात, जाते. म्हणजे दोष सप्लायचा, आयसीचा नाही.

मोठ्या कंडेन्सरने लहर थोडी चपटी होते, शिखर वाढत नाही. 12 व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर बसवा. 180 वरही 11.9 च्या आसपास मिळतील. मात्र पूर्ण लाइनीत साडेपंधरा येतात, तेव्हा कंडेन्सर 25 व्होल्टचाच घ्या. 16 चा घेऊन दहा रुपये वाचवू नका.

प्रश्न : घुमण्याचा आवाज कुठून येतो हे मीटर नसताना कसं ओळखायचं? (दारव्हा)

उत्तर : 9 व्होल्टच्या बॅटरीवर चालवून पाहा. शांत झालं तर दोष सप्लायचा. तरीही घुमत असेल तर वायरिंग किंवा शील्ड (माइकच्या वायरीभोवतीची जाळी) बघा.

पेटीवाला शेजारी असेल तर आणखी सोपं. ब्रिजची लहर 100 हर्ट्झची, पांढरी पाचच्या किंचित वर. तोच स्वर एक सप्तक खाली उतरून जोरात घुमू लागला, तर 50 हर्ट्झ आहे: एखादा डायोड उडाला असेल किंवा ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र माइकच्या वायरीत शिरत असेल. डबा उघडा ठेवून ट्रान्सफॉर्मर जागच्या जागी फिरवून बघा (प्लग काढून स्क्रू सैल करा, 230 च्या टोकांना टेप लावा). एका कोनात आवाज एकदम पडला तर तिथेच कसा. मी हे वर्षानुवर्षं करतो आहे, अजून गंमत वाटते.

प्रश्न : झाडीपट्टीच्या नाटकात माझा इको स्टेजवर आणि बिछायतवाल्याचा मिक्सर मंडपाच्या टोकाला. जोडले की घुमतात, वेगवेगळे शांत. तो म्हणतो, प्लगची जाडी पिन तोडून टाक. (आरमोरी)

उत्तर : तोडू नका! तीच पिन तुम्हाला शॉकपासून वाचवते, आणि धानाच्या बांधीत उभारलेला मंडप ओलाच असतो. दोन टोकांना दोन वेगळी अर्थिंग असल्याने त्यांच्यातल्या व्होल्टेजच्या फरकाने करंट शील्डमधून वाहतो. इकोची लाइन मिक्सरच्याच बोर्डावरून ओढा. तेवढ्याने भागलं नाही तर मध्ये 600 ओहमचा एकास-एक ऑडिओ ट्रान्सफॉर्मर टाका. आवाज पार होतो, शील्डचं नातं तुटतं.

प्रश्न : इको मोबाइलच्या चार्जरवर चालवला तर बारीक शिट्टी येते आणि डब्याला हात लावला की झिणझिण्या. (देऊळगाव राजा)

उत्तर : चार्जरचा स्विचिंगचा आवाज आणि त्याच्या आतल्या कंडेन्सरमधून येणारा गळतीचा करंट. चार्जर चार्जिंगलाच ठेवा. लोखंडी गाभ्याचा जुना ट्रान्सफॉर्मर भंगारात मिळतो, पण घेण्याआधी प्रायमरी (230 ची बाजू) आणि बॉडीमध्ये मेगरने इन्सुलेशन तपासून घ्या.