‘निंबी’ला मराठीत काय म्हणावं? विरोध, हरकत आणि ‘इथं नको’

सोलापूरच्या एका वाचकानं विचारलंय: नवी घरं, सौर प्रकल्प, पवनचक्क्या हे सगळं हवं, पण माझ्या शेजारी नको, असं म्हणणाऱ्याला इंग्रजीत ‘निंबी’ म्हणतात. त्याला मराठीत नेमका शब्द कोणता? ‘परसदारविरोधी’ चालेल का? आणि बातमी घरकुलाची असो की सोलरची, मथळ्यात दर वेळी ‘स्थानिकांचा विरोध’च का?

‘परसदारविरोधी’ चालणार नाही. त्यातून परसदारालाच विरोध आहे असा अर्थ निघतो. पण माझं म्हणणं त्यापुढचं आहे: असा एक शब्द घडवूच नये.

‘नॉट इन माय बॅकयार्ड’ची आद्याक्षरं जोडून झालेला हा शब्द 1980च्या सुमारास अमेरिकेत घातक कचऱ्याच्या वादांत रूढ झाला. ब्रिटनमध्ये तो गाजवला मंत्री निकोलस रिडली यांनी, खेड्यापाड्यांत नवी घरं नकोत म्हणणाऱ्यांविरुद्ध. पुढं त्यांनीच स्वतःच्या घराजवळच्या बांधकामाला आक्षेप घेतल्याचं उघड झालं. म्हणजे हा शब्द मुळात टोमणा आहे; तो दुसऱ्याला लावायचा असतो. मराठीत आणला, तर बंगल्यातला माणूस आणि शेरडं राखणारी म्हातारी दोघांनाही तो सारखाच चिकटेल.

आपल्याकडे हे फरक दाखवणारे शब्द आहेतच. ‘हरकत’ घ्या. मूळ अरबीत अर्थ हालचाल. हिंदीत तो कृत्य, चाळा असा झाला. मराठीत मात्र अडथळा आणि त्यावरून आक्षेप. ‘काही हरकत नाही’ आपण दिवसातून दहादा म्हणतो, पण चावडीवर या शब्दाला वजन आहे. फेरफाराची नोटीस लागते, 15 दिवसांत हरकत घ्यायची मुदत असते. हरकत घेणाऱ्याला नाव असतं, कारण द्यावं लागतं, तिची नोंद होते आणि सुनावणी होऊन निकाल द्यावा लागतो. विरोधाला यातलं काहीच लागत नाही. तो मोडता येतो, डावलता येतो, ‘मावळला’ म्हणून बातमी देता येते. म्हणून कारण देऊन केलेल्या आक्षेपाला पत्रकार सरसकट ‘विरोध’ म्हणतात, तेव्हा माणसाचं कारणच पुसलं जातं. मला हे फार खटकतं.

सोलापूर जिल्ह्यात तर खरा वाद दुसऱ्याच शब्दावर व्हायला हवा: पडीक. ‘पडीक जमिनीवर सौर प्रकल्प’ हे वाक्य वाचून कुणाचं काही जातंय असं वाटत नाही. पण गावात विचारा. पुन्हा नांगरायची म्हणून राखलेली ती पड. गुरांसाठी गावानं राखलेलं ते गायरान. अशी जमीन राखून ठेवण्याची तरतूद 1966च्या जमीन महसूल संहितेत आहे. सातबाऱ्यावर लागवडीलायक नाही म्हणून दाखवलेला तो पोटखराबा. आणि माळ म्हणजे माळ: पावसाळ्यात कुसळी गवत, उन्हाळ्यात नुसता मुरूम, त्यात काळवीट आणि लांडगे. नान्नजचं अभयारण्य 1979मध्ये झालं ते असल्याच माळावरच्या माळढोक पक्ष्यासाठी. तिथंही गावकऱ्यांच्या तक्रारी होत्याच, जमिनीच्या व्यवहारांवर बंधनं आली म्हणून. अभयारण्याचं क्षेत्र सुमारे 8,500 चौरस किलोमीटरवरून 1,222वर आणलं गेलं. पक्ष्याच्या बाजूनं असलेल्या मलासुद्धा त्या शेतकऱ्यांना टोमणा मारावासा वाटत नाही.

‘गायरानात सोलर करालेत म्हणे. लाईट दिवसा पाहिजेच की, पण शेरडं कुठं न्यायची?’ हे इकडचं बोलणं. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना शेतीला दिवसा वीज मिळावी म्हणूनच आहे, आणि रात्री बॅटरी घेऊन उसाला पाणी द्यायला जाणाऱ्याला ती हवीच आहे. या बोलण्यात सोलरला विरोध नाही. चाऱ्याचा प्रश्न आहे, म्हणजे हरकत आहे.

‘निंबी’च्या अर्थाजवळचं जे बोलणं आहे, ते शहरात ऐकू येतं: ‘गरिबांना घरं मिळालीच पाहिजेत, पण आमच्या बोडक्यावर कशाला?’ सोलापूरजवळ कुंभारीला विडी कामगारांची 10,000 घरं झाली, मग असंघटित कामगारांची रे नगर ही वसाहत झाली, 2024च्या जानेवारीत तिथल्या 15,000 घरांच्या चाव्या दिल्या गेल्या. इतकी घरं एकगठ्ठा शहराबाहेरच का होतात, कामाच्या जागेजवळ का नाहीत, याला जमिनीचा भाव हे एक कारण आहेच. पण शेजाराला नाकं मुरडणारी ही भाषाही मी ऐकली आहे. तिला ‘हरकत’ म्हणून मान देऊ नये. तिथं सरळ ‘आमच्या शेजारी नको’ असं अवतरणात छापावं, बोलणाऱ्याच्या तोंडचं.

तेव्हा ‘सौर प्रकल्पाला ग्रामस्थांचा विरोध’ याऐवजी ‘गायरान जाणार म्हणून ग्रामस्थांची हरकत’ असं लिहा. मथळा एका शब्दानं वाढतो, तेवढी जागा पानावर असते.