परग्रहावरचे यान कोसळल्याच्या कथा खोट्या असतील, तर त्यांना एवढे प्रामाणिक साक्षीदार कसे मिळतात?

साक्षीदार बहुतेक वेळा खोटे बोलत नसतात, हे आधीच सांगून टाकतो, कारण या एकाच मुद्द्यावरून आमच्या भाऊबंदकीत कित्येक वर्षांचा दुरावा आहे.

मी अकरावीत असताना, हुरड्याच्या दिवसांत, मंगळवेढ्याजवळ आमच्या चुलत्यांच्या, म्हणजे आबांच्या, रानात आकाशातून एक पेटी पडली आणि ही बातमी सोलापुरात आमच्या घरी पोहोचेपर्यंत त्या पेटीचे यान झाले होते. चौथ्या दिवशी मी एस.टी.ने गावी गेलो, तेव्हा पेटी जीपमधून नेलेली होती आणि उभ्या मालदांडीत एक लांब पट्टा तेवढा आडवा झालेला होता. आबांनी पाहिले तेवढेच सांगितले: सकाळपासून आभाळात एक पांढरा ठिपका दिसत होता, मग रंगीत छत्री उतरू लागली, तिच्याखाली लांबच लांब दोर आणि दोराच्या टोकाला पेटी होती. गोठ्यामागे कडब्याच्या गंजीवर त्यांनी एक प्लास्टिकचा कागद अंथरला होता, तो इतका पातळ होता की त्यातून कडब्याचे धाट न् धाट मोजता यावे. पेटीवरच्या चिठ्ठीतला पत्ता त्यांनी शाळेच्या वहीत उतरवून ठेवला होता आणि तो हैदराबादचा होता.

टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे हैदराबादमधील केंद्र हायड्रोजन भरलेले प्रचंड फुगे ३० ते ४० किलोमीटर उंचीवर सोडते. प्रयोग संपला की उपकरणे पॅराशूटने खाली येतात आणि वाऱ्याबरोबर ती महाराष्ट्रातही उतरतात. आबांच्या वर्णनातला प्रत्येक शब्द याच्याशी जुळत होता.

पुढे मात्र थोरले चुलतबंधू अण्णा, जे त्या दिवशी गावातच नव्हते, ही हकिकत सांगू लागले. दरवर्षी तिच्यात भर पडत गेली: पेटीची चकती झाली, एका जीपचा लष्करी ताफा झाला आणि आबा वारल्यानंतर तर ‘आत काहीतरी हलत होते’ हेही त्यांच्या तोंडी आले. एका लग्नात मी हे सर्वांसमोर खोडून काढले, तेव्हा अण्णा म्हणाले, “म्हणजे आमचे आबा खोटं बोलत होते व्हय?” त्यानंतर आमचे बोलणे कामापुरतेच राहिले.

परग्रहावरचे यान कोसळल्याच्या कथेमुळे गाजलेल्या अमेरिकेतल्या रॉसवेलचेही असेच झाले आहे. १९४७ च्या जुलैमध्ये ब्रेझेल नावाच्या पशुपालकाने स्थानिक वृत्तपत्राला रबराच्या पट्ट्या, चकाकणारा पत्रा-कागद, काड्या आणि फुलाफुलांची नक्षी असलेली चिकटपट्टी सापडल्याचे सांगितले, आणि सगळ्याचे वजन मिळून सुमारे पाच पौंड भरेल, असा अंदाज दिला. परग्रहवासीयांचे मृतदेह त्या वेळच्या बातम्यांत कुठेही नाहीत. कथेने पुन्हा जोर धरला तो १९७८ मध्ये ते तुकडे गोळा करायला गेलेले निवृत्त लष्करी अधिकारी मार्सेल यांची मुलाखत झाल्यावर. सोव्हिएत अणुचाचण्यांचे ध्वनी टिपण्यासाठी सोडलेल्या गुप्त ‘मोगल’ प्रकल्पाच्या फुग्यांचे ते अवशेष होते, असे अमेरिकी हवाई दलाने १९९४ मध्ये जाहीर केले.

म्हणून माझे स्पष्ट मत असे की पहिल्या आठवड्यातली नोंद आणि तीस वर्षांनंतरची आठवण यांना एकाच तराजूत तोलणारा माणूस तपास करत नसतो, तो कथा जपत असतो. कोण, कोणत्या दिवशी, काय म्हणाले, याच्या तारखा ओळीने लिहून काढल्या की भर कोणी आणि केव्हा घातली ते उघड होते. त्या दिवशी जागेवर नसलेल्या माणसाचे म्हणणे तर सरळ बाजूला ठेवावे, मग तो नात्याने कितीही मोठा असो.

अर्थात, रॉसवेलला लष्कराने खरोखरच माहिती लपवली होती, त्यामुळे संशय घेणाऱ्यांना सरसकट मूर्ख ठरवणे अन्यायाचे होईल. आणि मीही गावी चौथ्या दिवशी पोहोचलो होतो, पेटी मी स्वतः पाहिलेली नाही. परंतु वहीचे ते पान आजही माझ्या कपाटात आहे. अण्णांनी केव्हाही घरी यावे, ते हातात घेऊन पाहावे आणि अक्षर कोणाचे आहे ते त्यांनीच सांगावे.