कोकणातील डोंगरवाडीने निसरड्या वाटा आणि दरडींसाठी पावसाळ्यापूर्वी काय तयारी करावी?

जांभ्याच्या पाखाडीवर, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटेवर, आषाढात शेवाळ धरले की वयस्कर माणसे हमखास घसरतात, म्हणून आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्याआधीच्या तयारीच्या, कामांतच पायऱ्या खराट्याने घासून ब्लीचिंग पावडर टाकावी (विहिरीजवळ मात्र नुसते घासावे) आणि कडेची गटारे मोकळी करावीत, कारण पाणी पायऱ्यांवरून वाहिले तर शेवाळ पुन्हा धरतेच. धान्य, सरपण आणि नेहमीची औषधे घरात भरून ठेवावीत.

दरडीबाबत हयगय अजिबात नको. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळून अनेकांचे प्राण गेले. उतारावर नवी भेग दिसली, झाडे कलली किंवा झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ झाले, तर पाऊस ओसरण्याची वाट न पाहता वाडी सोडावी आणि तलाठ्यांना कळवावे. कोणी कोठे जायचे आणि अंथरुणाला खिळलेल्यांना कोणी उचलायचे, हे मे महिन्यातच ठरवावे.