थायलंडमधल्या लोय क्रथोंग या सणाला पाण्यात सोडतात तो क्रथोंग, म्हणजे फुलं-मेणबत्तीची तरंगती परडी, केळीचा कसा करायचा? ब्रेडचा खरंच जास्त पर्यावरणपूरक असतो का?

केळीच्या खांबाची ताजी चकती घ्या. जाडी 4-5 सेंमी, रुंदी 12 ते 15. काप तिरपा आला की क्रथोंग एका अंगाला कलतो, आणि अरुंद, उंच चकती तर हमखास उलटते. सोपटं सुटू नयेत म्हणून कडेतून आरपार दोन-तीन बांबूच्या काड्या टोचा.

खरी खटपट पानांची. थाई लोक 'क्लुएय तानी' या बियाळ केळीचं पान पसंत करतात, कारण ते चिवट असतं. तोडल्या तोडल्या दुमडलं तर पान शिरेवर फाटतं. थोडं मलूल होऊ द्या, मग ओल्या फडक्याने पुसा. शिरांच्या दिशेने 5 सेंमी रुंद आणि 12-15 सेंमी लांब पट्ट्या फाडा. पट्टीची दोन्ही टोकं मध्यावरून खाली दुमडली की टोकदार पाकळी होते. प्रत्येक पाकळी शेजारचीला निम्मी झाकेल अशा बेताने कडेभर टोचत जा. तयार पाकळ्या पाण्यात बुडवून ठेवा, नाहीतर वाळून वळतात.

मधोमध बुटकी मेणबत्ती, जरा अंतरावर तीन उदबत्त्या, भोवती झेंडू, ऑर्किड किंवा कमळ. उंच मेणबत्तीने तोल जातो. फुलांची हौस आवरा, आणि नदीवर जाण्याआधी बादलीत तरंगवून बघा. काही जण त्यात नाणं, केस, नखाचा तुकडाही ठेवतात. हात जोडून क्षमा मागायची ती 'फ्रा मे खोंगखा'ची, म्हणजे गंगामाईची. हा सण तिथल्या बाराव्या चांद्र महिन्यातल्या पौर्णिमेला असतो, आणि ती बहुतेक वर्षी आपल्या त्रिपुरी पौर्णिमेलाच येते.

ब्रेडचं म्हणाल तर पाणी कोणतं ते आधी बघा. वाहत्या नदीत, मासे भरपूर असतील तिथे ठीक. बागेतल्या बंद तळ्यात मात्र शेकडो ब्रेड एका रात्रीत विरघळतात, कुजताना पाण्यातला प्राणवायू खातात आणि मासे मरतात. शिवाय विरघळलेला ब्रेड उपसता येत नाही. केळीचा क्रथोंग निदान सकाळी जाळीने काढता येतो. बँकॉकमध्ये महापालिकेचे कर्मचारी त्याच रात्री हे काम सुरू करतात. थर्माकोल कुठेच नको. पाकळ्या टोचायला चकचकीत टाचण्याही नकोत: काढलेल्या केळीचं खत करायचं तर त्या एकेक वेचाव्या लागतात. घरटी एकच क्रथोंग सोडलात तरी चालतं, तिथेही तसंच आवाहन करतात.